घोडबंदरचे घोडे

दसऱ्याच्या सकाळी आमच्या चेण्यात झेंडूचा वास आणि डिझेलचा वास एकत्र येतो. माझ्या लहानपणी या दिवशी ओटीवर नांगराचा फाळ, विळा, कोयता आणि वजनकाटा यांची मांडामांड होई व त्यांवर हळदकुंकू पडे. आता विळे थोडे राहिले आणि चाके फार झाली. त्यामुळे रिक्षा, टेम्पो, पाण्याचे टँकर आणि मोटारसायकली धुऊनपुसून ओळीने उभ्या राहतात. प्रत्येकीला झेंडूची माळ असते आणि प्रत्येकीच्या चाकाखाली एक लिंबू. यात मला कधी काही वावगे वाटले नाही. ज्याच्या जोरावर घर चालते, त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, एवढाच या पूजेचा अर्थ. नांगर गेला आणि टेम्पो आला, म्हणून हा अर्थ काही बदलत नाही.

यंदा त्या ओळीच्या टोकाला माझा पुतण्या आपल्या दोन टेम्पोंपाशी उभा होता. पूजा आटोपल्यावर तो माझ्याकडे आला. त्याच्या एका हातात आपट्याची पाने होती आणि दुसऱ्या हातात कागदांची फाइल. पाने देऊन तो पाया पडला आणि म्हणाला, “काका, संमतीपत्रावर तुमची सही हवी आहे. गिऱ्हाईक थांबायला तयार नाही.” आणि मग, जणू दुसरीच एखादी गोष्ट सांगतो आहे अशा सुरात, त्याने जोडून दिले, “माझ्या वाट्याच्या पैशातून मी एक गाडी घेणार आहे. चांगली. जर्मन.”

त्या ‘चांगली’ शब्दाची किंमत अर्ध्या कोटीच्या वर होती. मी फाइल मांडीवर ठेवली, पण सही केली नाही. “दोन दिवस थांब,” एवढेच म्हणालो. त्या दोन दिवसांत मनात जी उलथापालथ झाली, ती आज मांडून ठेवतो आहे. प्रश्न गाडीचा होता तोवर मला त्याचे उत्तर तोंडपाठ होते. पण तो हळूहळू माझ्याच अंगावर आला.

प्रथम त्या जमिनीविषयी सांगतो. दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी आणि मधून गेलेला घोडबंदर रस्ता, या चिंचोळ्या पट्टीत आमचे चेणे वसले आहे. डोंगरातून नदी उतरते. तिच्याच आधारावर आमच्या वाडवडिलांनी भात पिकवला. वडिलांनी मागे ठेवलेले शेत माझ्या थोरल्या भावाच्या आणि माझ्या नावावर राहिले. दादाने ते कसले; मी शिकलो, मास्तर झालो आणि दर वर्षी माझ्या वाट्याचा तांदूळ बिनतक्रार घेत राहिलो. पुढे गावाभोवती मीरा-भाईंदर वाढले, २००२ साली त्याची महानगरपालिका झाली, आणि ज्या बांधावर आम्ही खेकडे धरले, त्या बांधाचा भाव चौरस फुटात बोलला जाऊ लागला. दादा आता नाही. त्याचा वाटा वहिनींचा आणि या मुलाचा. मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे, निर्व्यसनी आहे, पहाटे चारला टेम्पो काढणारा आहे. हे आधीच सांगितलेले बरे. नाही तर कोणी उडाणटप्पू वारस डोळ्यांसमोर आणील आणि प्रश्न सोपा करून टाकील.

दुसऱ्या दिवशी तो मला गाडी दाखवायला घेऊन गेला. दुकानाच्या दाराशीच एका तरुणाने त्याला ‘सर’ म्हटले. मी बत्तीस वर्षे मास्तरकी केली आणि या शब्दावर निवृत्त झालो. तो शब्द माझ्या पुतण्याला इतक्या सहज मिळालेला पाहून मला गंमत वाटली, आणि खरे सांगायचे तर थोडा मत्सरही वाटला. आत कॉफी आली. भिंतीवर चित्रे होती. त्यांत गाडीच्या जोडीला दिसणारी माणसे सगळी पंचविशी-तिशीतली. पिकल्या केसांचा एक मीच होतो, आणि मला खुर्ची देताना त्या तरुणाने पुतण्याकडे पाहून विचारले, “सर, बाबा का?” पुतण्या क्षणभर थांबला आणि म्हणाला, “काका.”

मग हिशेब झाला. सगळी रक्कम आज मोडू नका, विक्रेता म्हणाला. थोडी भरा, बाकीचे हप्ते करा. तीन वर्षांनी गाडी परत आणा. परत घेण्याचा भाव आम्ही आजच लिहून देतो. तेव्हा नवीन निघालेली असेल ती न्या. मी विचारले, “म्हणजे गाडी याची होणार कधी?” तो मोकळेपणाने हसला. “काकासाहेब, आजकालच्या पिढीला मालकी नको असते. अनुभव हवा असतो.”

परतताना वाहतुकीत अडकलो. एका बाजूला गुजरातकडे निघालेले मालट्रक आणि दुसऱ्या बाजूला झेंडूच्या सुकल्या माळा घातलेला एक टेम्पो. उजवीकडे घोडबंदरची पाटी दिसत होती. या नावामागे अरबी घोड्यांचा व्यापार आहे असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पोर्तुगीज अमलात खाडीतून गलबते येत आणि घोडे या बंदरावर उतरत. पण ठाण्याच्या किनाऱ्यावरचा घोड्याचा सोस त्याहून जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस इकडून गेलेल्या मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी एक चमत्कारिक हकिकत लिहून ठेवली आहे. या राजाने म्हणे चाच्यांशी करार केला होता: लुटीतला बाकीचा सगळा माल तुमचा, पण घोडे माझे. देशात चांगले घोडे निपजत नसत. समुद्रावरून येत ते दुर्मीळ असत. आणि घोड्यावाचून राजा कसला? घोड्यासाठी तो राजा चोरांचा भागीदार झाला.

दक्षिणेतील राज्यांविषयी लिहिताना याच प्रवाशाने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, आणि त्या दुकानातून बाहेर पडल्यापासून मला तीच आठवत होती. तो म्हणतो, इकडे घोडे फार दिवस जगत नसत. त्यांची निगा कशी राखावी हे इथल्या लोकांना ठाऊक नव्हते; नालबंद नव्हते. आणि घोडे विकणारे परदेशी व्यापारी नालबंदांना इकडे येऊ देत नसत, कारण घोडे मेले म्हणजे पुढच्या वर्षी नवे खपत. सातशे वर्षे लोटली. आता घोडा मरावा लागत नाही. तीन वर्षांनी तो जुना झाला असे मालकाला वाटले म्हणजे पुरते.

तेव्हा सोस नवा नाही आणि विकणाऱ्याची युक्तीही नवी नाही. मग नवे काय आहे? मला वाटते, नवे आहे ते गिऱ्हाइकाचे वय.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने १९२० नंतरच्या दशकात एक शिडी बांधली. खालच्या पायरीवर शेवरोले, सर्वांत वर कॅडिलॅक, मधल्या पायऱ्यांवर मधल्या गाड्या. माणूस नोकरीला लागला की खालची घेई आणि आयुष्यभर एकेक पायरी चढत जाई. दरसाल रूप बदलून जुनी गाडी जुनी भासवण्याची कलाही त्याच कंपनीने रूढ केली. ही शिडी काही नीतिशास्त्राने बांधली नव्हती, धंद्याने बांधली होती. पण निदान तिच्यात चढणे होते. आपल्याकडे ही शिडी बांधण्याचीही गरज पडली नाही. फियाट नाही तर अॅम्बॅसडर, आणि तीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर. डॉक्टरांच्या दारी गाडी आली तेव्हा डॉक्टरांचे केस पांढरे झालेले असत. गाडी पाहून लोक म्हणत, “आयुष्यभर कष्ट केले हो त्यांनी.” गाडी ही त्या कष्टांची साक्ष असे.

१९९४ साली मर्सिडीज-बेन्झ टेल्कोच्या भागीदारीत इकडे आली. पुढच्या वर्षी पिंपरीला तिची पहिली गाडी तयार झाली आणि २००९ पासून चाकणला तिचा स्वतःचा कारखाना झाला. सुरुवातीला या गाडीच्या मागच्या आसनावर कारखानदार बसलेले असत आणि पुढे गणवेशातला चालक. मग २०१२-१३ च्या सुमारास या कंपनीने आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या मानाने लहान आणि वीस-बावीस लाखांपासून सुरू होणाऱ्या गाड्या इथे आणल्या. त्या मागे बसण्यासाठी नव्हत्या, स्वतः चालवण्यासाठी होत्या; आणि कोणासाठी, हे जाहिरातीतल्या चेहऱ्यांवरूनच कळत होते. हिशेब उघड आहे. साठीतला गिऱ्हाईक एक गाडी घेईल, फार तर दोन. पंचविशीतला हाती लागला तर तो दर तीन वर्षांनी येईल.

या धडपडीचा कळस मी पाहिला तो २०२४ च्या नोव्हेंबरात. जॅग्वार ही विलायतेतील जुनी, भारदस्त गाडी. २००८ पासून ती मुंबईच्या टाटांच्या मालकीची आहे. तिने आपले बोधचिन्ह बदलले, जुन्या पेट्रोलच्या गाड्या आवरत्या घेतल्या, आणि विजेवर चालणाऱ्या, अधिक महाग गाड्या घेऊन तरुण धनिकांकडे जायचे ठरवले. त्यासाठी तिने जी जाहिरात काढली, तिच्यात भडक रंगांचे कपडे घातलेले तरुण-तरुणी होते आणि गाडी मुळी नव्हतीच! जगभर लोकांनी तिची टिंगल केली. मला मात्र ती जाहिरात फार प्रामाणिक वाटली. विकायची वस्तू गाडी नव्हेच, हे तिने कबूल केले होते.

मग विकायचे काय होते? माझा तर्क असा: या मंडळींना आयुष्याचा शेवट आयुष्याच्या आरंभी विकायचा आहे. जी गाडी पूर्वी केलेल्या कष्टांची साक्ष होती, ती आता करायच्या कष्टांची आगाऊ पावती झाली आहे. निकाल आधी हातात, परीक्षा मागाहून.

हा विचार सुचल्यावर मी मोठ्या उत्साहाने पुतण्याला बोलावून घेतले. मास्तराला मुद्दा सापडला की त्याला वर्ग हवा असतो. मी त्याला शिडी समजावली, घोडे समजावले. म्हणालो, “अरे, आंबा झाडावर पिकावा. पेटीत भुकटी टाकून पिकवलेल्या आंब्याला रंग येतो, गोडी येत नाही. तुझ्या बापाने तीस वर्षे त्या शेतात कंबर मोडली. शेत दर वर्षी पिकत होते; ही गाडी दुकानाच्या दाराबाहेर पडताक्षणी लाखांनी उतरते. पिढ्यांची कमाई तू तीन वर्षांच्या हप्त्यांत फुंकणार?”

त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “काका, शेत तर जाणारच आहे. तुमचाही वाटा जातो आहे. तुम्ही तुमचे पैसे मुदत ठेवीत ठेवणार, हे मला माहीत आहे. म्हणजे शेताचे दुःख आपले दोघांचे सारखेच.”

मी गप्प बसलो. तो बरोबर होता. माझ्या खात्यातही तेवढीच रक्कम पडणार होती, आणि व्याजाचा दर मी दसऱ्याआधीच विचारून ठेवला होता.

मग तो थोड्या वेळाने म्हणाला, आवाज न चढवता, “आणि एक विचारू? ताईच्या लग्नात बाबा कुठे बसले होते, आठवते तुम्हांला?”

मला आठवत होते. सतरा वर्षे ते आठवू नये म्हणून मी जपत आलो होतो. २००८ च्या मे महिन्यात माझ्या मुलीचे लग्न झाले, ठाण्यातल्या एका कार्यालयात. दादा पहाटेच तांदळाची पोती आणि केळीचे खांब घेऊन टेम्पोतून आला होता. मुहूर्ताची वेळ झाली. पहिल्या रांगेत खुर्च्या मोजक्या होत्या आणि एक खुर्ची दादाने धरली होती. मुलीचा थोरला काका म्हणून ती त्याचीच होती. इतक्यात बाहेर एक मोठी काळी गाडी थांबली. व्याह्यांकडचे कोणी गृहस्थ होते; त्यांची माझी ओळखही नव्हती. मी धावत जाऊन त्यांना आत आणले आणि दादाला म्हणालो, “दादा, तू जरा मागे बसतोस का?” दादा लगेच उठला. “अरे, मी काय घरचाच,” म्हणाला, आणि धोतराचा सोगा सावरत मागे जाऊन खांबाला टेकून उभा राहिला. मागे खुर्ची नव्हती. त्याचे बोट धरून दहा वर्षांचा हा मुलगा उभा होता.

मी त्या गृहस्थांना मान दिला नव्हता. त्यांचे नावसुद्धा मला ठाऊक नव्हते. मी गाडीला मान दिला होता. आणि खांबाला टेकून उभ्या असलेल्या पोराने तो धडा नीट टिपून घेतला होता. बत्तीस वर्षांत इतका पक्का धडा मी कोणत्याच विद्यार्थ्याला दिला नसेन.

पुतण्या निघून गेल्यावर मी बराच वेळ तसाच बसलो. सकाळपर्यंत माझा प्रश्न होता की, तरुणांच्या मनात हा हव्यास कोण पेरतो? उत्तरही तयार होते: विक्रेता. आता दिसू लागले की, विक्रेता पेरत नाही. तो पीक कापतो. पेरणारे आपण. त्याने आपल्या समाजाकडे नीट पाहिले आणि ओळखले की, इथे माणसाला खुर्ची मिळते ती त्याच्या गाडीकडे पाहून. नव्या वसाहतीचा पहारेकरी गाडी पाहून फाटक उघडतो आणि सायकलवाल्याला नाव-गाव विचारतो. मुलगी दाखवायला गेलेले लोक परत येऊन सांगतात, “दारात दोन गाड्या आहेत.” या सगळ्या ठिकाणी विक्रेता हजर नसतो.

ज्या वर्षी मी दादाला उठवले, त्याच वर्षीच्या जानेवारीत रतन टाटांनी नॅनो गाडी जगाला दाखवली. पावसात एका स्कूटरवर चौघांचे कुटुंब चिंब भिजत चाललेले पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. किंमत एक लाख. गरज खरी होती आणि हेतू उदार होता. तरी ती गाडी चालली नाही. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. कारणे अनेक असतील. पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिच्यावर बसला ही चूक झाली, असे खुद्द रतन टाटांनीच पुढे बोलून दाखवले. पावसापासून वाचवणारी गाडी लोकांना नकोशी झाली, कारण ती लोकांच्या नजरेपासून वाचवत नव्हती. आणि २००८ च्याच जूनमध्ये टाटांनी फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. गरजेची गाडी मागे पडली आणि मानाची पुढे गेली.

औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, २०१० सालची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. तिथल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन ऑक्टोबर महिन्यात एकाच दिवशी सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या. किंमत ६५ कोटींच्या घरात. मराठवाड्यातही पैसा आणि उमेद आहे हे जगाला दिसावे, असा त्यामागे अभिमान होता, आणि मला त्या अभिमानाची चेष्टा करावीशी वाटत नाही. दर वेळी मुंबई-पुण्याच्या मागच्या रांगेत उभे राहणाऱ्या शहराने एकदा पुढची खुर्ची ओढून घेतली. पण या खरेदीला स्टेट बँकेने कर्ज दिले ते सात टक्क्यांनी. आणि ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला बारा टक्क्यांच्या आसपास मोजावे लागत. त्याच डिसेंबरात पत्रकार पी. साईनाथ यांनी हा फरक लोकांपुढे मांडला. बँकेपाशी तिची कारणे असणारच. श्रीमंताचे कर्ज बुडत नाही, घाऊक गिऱ्हाइकाला सूट मिळते, वगैरे. तरी हिशेबाच्या वहीत ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की मला ते कार्यालय दिसते. ज्याच्या आयुधाची दसऱ्याला पूजा व्हायची, तो खांबाला टेकून उभा आहे. आणि आपण सगळे दाराकडे धावतो आहोत.

या धावण्याची किंमत कधी कधी भलताच कोणी देतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचे सांगण्यात आलेल्या पोर्शे गाडीखाली दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. काही तासांतच त्या मुलाला जामीन मिळाला आणि अटींत एक अट होती, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. लोकांत संतापाची लाट उसळली आणि तो आदेश बदलावा लागला. मी जन्मभर मुलांना निबंध घातले. तीनशे शब्दांत काय मावते आणि काय मावत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. पण तेव्हा मला वाटले होते, निबंध लिहायला बसवायचेच तर एकट्या मुलाला का? विषय द्यावा ‘मोठी गाडी पाहून मी काय करतो’, आणि लिहायला बसावे आपण सर्व वडीलधाऱ्यांनी.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही दोष स्वतःकडे घेऊन विकणारा आणि विकत घेणारा दोघांनाही मोकळे सोडता आहात. तसे नाही. विक्रेत्याने काटा टोचला नाही हे खरे. पण तो काटा काढायलाही तयार नाही, कारण काटा निघाला की त्याचा मलम खपायचा नाही. मार्को पोलोच्या व्यापाऱ्यांनी नालबंदांना दूर ठेवले, तसाच हाही समाधानाला दूर ठेवतो. साठीच्या माणसाला तो गाडी विकतो तेव्हा समोर निदान आपल्या हव्यासाची पुरती ओळख झालेला माणूस असतो. पंचविशीतल्या मुलाची जखम ओली असते. ओल्या जखमेवर धंदा करणे कायद्याने गुन्हा नसेल, पण ती चांगली गोष्ट नव्हे.

आणि पुतण्याला माझे सांगणे आहेच. ते आंब्याचे आणि शिडीचे नव्हे. ते मी मागे घेतो. उशिरा मिळणे म्हणजेच चांगले मिळणे, असा नियम नाही. दादाला तर काहीच मिळाले नाही, ना लवकर, ना उशिरा. तरुणाने सुख भोगू नये असे म्हणणारे बहुतेक वेळा स्वतःच्या न भोगलेल्या सुखांचा सूड घेत असतात, आणि त्या दुकानात ‘सर’ शब्दाने मला जी बोच लागली, ती याच जातीची होती. माझे सांगणे एवढेच: जो मान त्या गाडीला मिळेल, तो गाडीचाच राहील. तीन वर्षांनी गाडी परत जाईल तेव्हा तोही तिच्याबरोबर जाईल आणि पुन्हा नव्याने विकत घ्यावा लागेल. आणि त्याहून मोठी भीती ही की, ज्या दिवशी लोक तुझ्यासाठी धावत दाराशी येतील, त्या दिवशी कोणाला तरी खुर्चीवरून उठवलेले असेल. तेव्हा मागे वळून खांबाकडे पाहा. तिथे कोण उभे आहे, हे तुला इतरांपेक्षा लवकर ओळखू येईल.

हे सर्व मी त्याला सांगितले नाही. सांगायचा अधिकार मला नव्हता. सही मात्र केली. जमीन दोघांची होती, पैसा त्याच्या वाट्याचा होता, आणि संमती अडवून त्याला शहाणपण शिकवणे म्हणजे खुर्ची पुन्हा एकदा काढून घेण्यासारखे झाले असते.

त्याच संध्याकाळी फाइल घेऊन मी स्वतः दादाच्या घरी गेलो. पुतण्या टेम्पो घेऊन बाहेर गेला होता. वहिनी पडवीत भाताच्या लोंब्या निवडीत बसल्या होत्या, दिवाळीत दाराला तोरण करायला. त्या शेतातले हे शेवटचे भात. मी फाइल ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणालो, “वहिनी, ताईच्या लग्नात मी दादाला उठवले. ते चुकले माझे. त्याला सांगायचे राहून गेले.”

त्यांनी वर पाहिले नाही. हातातली लोंबी पुरी झाली, दुसरी घेतली. “ते कधी बोलले नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण त्या दिवशी घरी आल्यावर जेवलेही नाहीत.”

भिंतीवर दादाचा फोटो होता. त्याला दसऱ्याची झेंडूची माळ तशीच होती, थोडी सुकलेली. फोटोखाली त्याची जुनी लाकडी खुर्ची. बाहेर घोडबंदर रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि लहानमोठे सगळे भोंगे एकाच सुरात ओरडत होते. वहिनी उठल्या, पदराने ती खुर्ची पुसली आणि पुढे ओढून म्हणाल्या, “बसा भाऊजी. उभे का?”

गाडी पुढच्या महिन्यात येणार आहे. लिंबू मी आणीन म्हणून सांगितले आहे.